उडवता येईना, आभाळ वाकडं

'आपोआप' या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. आमच्या घरी दूध आपोआप उतू जातं, कपबशा आपोआप फुटतात आणि माझ्या खिशातली पाचशेची नोट आपोआप सुटी होते. इथवर मी सोसलं. पण आता हा शब्द आभाळात जाऊन बसला आहे नि तिथून माणसांच्या डोक्यावर पडतो आहे, म्हणून लिहायला बसलो.

गेल्या माघात जळगावला नात्यातलं लग्न होतं. वरातीपुढे बँड, बँडपुढे नाचणारी पोरं आणि सगळ्यांच्या वर घोंघावणारं ते चार पात्यांचं ड्रोन. पूर्वी फोटोग्राफरला 'जरा मान वर करा' असं सांगावं लागायचं. हल्ली सगळं वऱ्हाड आपणहून आभाळाकडे तोंड करून चालतं आणि एकमेकांच्या टाचा तुडवतं. मंगल कार्यालयाच्या दाराशी ते यंत्र बदामाच्या फांदीत घुसलं नि खाली करवल्यांच्या घोळक्यात पडलं. आमच्या सहा वर्षांच्या चिमीच्या भुवईला पातं लागलं. दोन टाके पडले. डोळा बोटभर अंतराने वाचला. उडवणारा पोरगा धावत आला, त्याने आधी यंत्र उचललं (ते मी विसरणार नाही) आणि म्हणाला, "काका, ते आपोआप वर जायला पाहिजे होतं. पण वारा आला ना!"

वारा! आभाळात वारा असतो ही बातमी त्या गृहस्थाला वरातीच्या दिवशी कळली. अहो, आमच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या काय दृष्ट लागू नये म्हणून?

"किती दिवस शिकलास?" मी विचारलं.

"शिकायचं काय त्यात? परवाच घेतलं. दुकानदार म्हणाला, पाच मिनिटांत येतं."

आमच्या धुळ्याच्या गोंदूरला धावपट्टी आहे. तिथे विमान शिकणारी पोरं वर्षानुवर्षं घिरट्या घालताना आम्ही पाहिली. धंद्याचा परवाना मिळवायला त्यांना दोनशे तास उडावं लागतं, आणि शेजारी गुरुजी बसलेले असतात. इथे पाच मिनिटं! गुरुजी कोण, तर बिल फाडणारा.

तुम्ही म्हणाल, कायदा काय करतो? कायद्याने २०२१ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम केले. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला वैमानिकाचा परवाना लागत नाही; दोन किलोपर्यंतच्यालाही, धंदा नसेल तर, लागत नाही. माझी तक्रार त्यावर नाही. पोराटोरांच्या हौसेला कचेरीचे हेलपाटे कशाला? पण सरकारने परवाना मागितला नाही म्हणजे अक्कलही मागितली नाही, असा अर्थ आमच्या लोकांनी काढला, त्याला काय म्हणावं!

आणि मी नुसता तोंडाची वाफ दवडणारा नाही. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी स्वतः शिकलो. मुद्दाम खेळण्यातलं, शंभर ग्रॅमच्या आतलं, उपग्रहाबिपग्रहाशी संबंध नसलेलं ड्रोन आणलं. जळगावला उडवता येईना, कारण चालू विमानतळापासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. गोंदूरच्या विमानांच्या वाटेतही जायचं नव्हतं. तेव्हा पारोळ्याजवळ मेहुण्याचं शेत गाठलं.

हातात दोन दांड्या येतात. डावीने वर-खाली आणि जागच्या जागी गिरकी. उजवीने पुढे-मागे नि डावी-उजवीकडे. ऐकायला सोपं आहे. यंत्राची शेपूट तुमच्याकडे असेपर्यंत सोपंच आहे. त्याने एकदा तोंड तुमच्याकडे फिरवलं, की त्याचं डावं ते तुमचं उजवं होतं. वाचवायला जावं तर ते अधिकच वेगाने भिंतीकडे पळतं. तीस वर्षांच्या संसारात हा अनुभव मला नवा नव्हता, तरी पहिल्या आठवड्यात मी सहा पाती मोडली. जमिनीलगत गेलं की स्वतःच्याच पात्यांच्या वाऱ्यावर डुचमळतं. उतरवावं म्हटलं तर उतरत नाही, आणि सात मिनिटांत बॅटरी संपली की न विचारता उतरतं. एकदा ते शेजारच्या खळ्यात वाळत घातलेल्या पापडांवर उतरलं. आत्याबाई बाहेर आल्या. "भाऊ, तुमनं इमान मना पापडस्वर पडनं!" आणि मग खाली वाकून, खऱ्याखुऱ्या काळजीने, "त्यामा बठेल मानूस कोठे शे?"

मला तो प्रश्न फार आवडला. आत माणूस नाही म्हणूनच तर ही सगळी बेफिकिरी! आत बसलेला असता तर पाच मिनिटांच्या शिक्षणावर कोण वर गेला असता?

पुढे पुतण्याचं मोठं, उपग्रहवालं ड्रोन हाताळायला मिळालं, तेव्हा 'आपोआप'चं बिंग फुटलं. संपर्क तुटला की ते घरी परततं, हे खरं. पण कसं? तुम्ही आधी नेमून दिलेल्या उंचीपर्यंत चढतं आणि सरळ रेषेत निघतं. कडुनिंब चाळीस फुटांचा नि तुम्ही उंची नेमलेली तीस फूट, तर ते अत्यंत आज्ञाधारकपणे कडुनिंबात जातं. शिवाय बहुतेक छोट्या ड्रोनच्या पुस्तिकेत चाळीस अंशांची मर्यादा छापलेली असते. मे महिन्यात जळगाव ती दुपार व्हायच्या आत ओलांडतं. पुस्तिका लिहिणाऱ्याने खानदेश पाहिलेला नाही, आणि आमच्या पोराने पुस्तिका पाहिलेली नाही.

'यंत्र एवढं हुशार आहे, मग माणसाने कशाला शिकायचं?' असं मला एका इंजिनियरने विचारलं. यंत्र हुशार असेल, पण भुवई चिमीची होती. तिला अजून पंखा लावला तरी ती खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसते.

चैत्रात मी त्या पोराला शेतावर बोलावलं. आला, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. चिमीसाठी लिमलेटच्या गोळ्याही आणल्या होत्या. मी माझं खेळणं त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "तोंड तुझ्याकडे करून साठ अंक मोजेपर्यंत एका जागी ठेव."

तो हसला. मी मोजू लागलो. नवावर यंत्र वळवळलं, अकरावर तिरकं झालं आणि बाराव्या अंकाला पऱ्हाट्यांच्या गंजीत शिरलं.

"काका, वारा..." एवढं बोलून तो थांबला. त्याने कडुनिंबाकडे पाहिलं. एक पान हलत नव्हतं. मग चपला काढून तो गंजीवर चढला.