आधी पाणी, मग चौकशी

आपल्या बांधवांपैकी कुणाच्या डोळ्यास कामावर इजा झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “गॉगल का लावला नव्हता?” मालक विचारतो, सुपरवायझर विचारतो, आणि खेदाची गोष्ट ही की, संध्याकाळी भेटीस येणारे आपले सुशिक्षित आप्तही तेच विचारतात. निष्कर्ष एकच : चूक कामगाराची. या निष्कर्षास आमचा विरोध आहे आणि तो वैद्यकीय आधारावर आहे. रसायन उडाल्यावर डोळा वाचणार की जाणार, हे पुष्कळदा पहिल्या काही मिनिटांतच ठरते. ती मिनिटे जखमी माणसाच्या हाती नसतात. वेदनेने त्याच्या पापण्या घट्ट मिटलेल्या असतात. ती असतात शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या आणि मालकाने आधी करून ठेवलेल्या व्यवस्थेच्या हाती.

ब्रिटनमध्ये आपल्यापैकी काही जण इस्पितळांत व संगणकाच्या कचेऱ्यांत स्थिरावले, हे खरे. परंतु शिकावयास आलेली आपली मुले रात्री हॉटेलांची स्वयंपाकघरे धुतात, गोदामांत राबतात; कुणी बांधकामावर जातात. तेथे डोळ्याचा वैरी कोण, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. ॲसिड वाईट, एवढे सर्वांस ठाऊक असते. वस्तुतः अल्कली त्याहून घातक. ॲसिडमुळे डोळ्याचा वरचा थर गोठतो आणि पुढचा शिरकाव काहीसा अडतो. अल्कली मात्र पेशींतील स्निग्धांश विरघळवीत आत आत जात राहते. ओव्हन साफ करण्याच्या द्रावणातील कॉस्टिक सोडा, नाली मोकळी करण्याची पूड, ओले सिमेंट, ही सारी त्याच कुळातील. तंबाखूबरोबरच्या चुन्याची पुडी फुटून बालकांच्या डोळ्यांस गंभीर इजा झाल्याचे भारतातील नेत्रतज्ज्ञांनी नोंदविले आहे. सिमेंटमध्येही तोच चुना असतो.

यावर तातडीचा उपाय एकच, आणि तो नळाला येतो. डोक्याची बाजू अशी झुकवावी की जखमी डोळा खाली राहील व ओघळ दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. पापण्या बोटांनी बळेच उघड्या धराव्यात आणि निदान वीस मिनिटे, घड्याळ पाहून, स्वच्छ पाणी सोडीत राहावे. कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघाली तर काढावी. तिच्यासाठी पाणी थांबवू नये. त्यानंतर थेट इस्पितळाचा आपत्कालीन विभाग, आणि सोबत त्या रसायनाची बाटली अथवा तिच्यावरील नाव.

आमच्यासमोर आलेला एक विद्यार्थी असा : ओव्हनचे द्रावण डोळ्यात उडाले, व्यवस्थापकाने आधी अपघाताच्या वहीत नोंद करून घेतली, मग टॅक्सी बोलाविली. नळ चार पावलांवर होता. वही भरली, डोळ्यावर मात्र कायमचा पांढुरका डाग राहिला. यात निष्काळजी कोण?

कायदा काय म्हणतो, हेही ठाऊक असावे. १९७४ च्या आरोग्य व सुरक्षा कायद्याच्या नवव्या कलमान्वये, कायद्याने आवश्यक असलेल्या संरक्षक साधनांचे पैसे मालकास कामगाराकडून घेता येत नाहीत. एप्रिल २०२२ पासून संरक्षक साधने पुरविण्याचे बंधन केवळ कायम नोकरांपुरते राहिलेले नाही. तात्पुरत्या, तासांवर बोलाविल्या जाणाऱ्या कामगारांनाही ते लागू झाले आहे. प्रथमोपचाराचे नियम १९८१ चे आहेत. जेथे नळाचे पाणी हाताशी नाही, तेथे डोळे धुण्यासाठी निदान एक लिटर निर्जंतुक पाणी वा सलाईन मोहोरबंद बाटल्यांत ठेवावे, असे त्यांवरील मार्गदर्शन सांगते. आपल्या कामाच्या जागी ती बाटली कोठे आहे, आणि तिची मुदत संपली आहे काय, हे किती जणांनी पाहिले आहे?

एक इशारा मात्र आवश्यक. छिन्नीवर हातोडा मारताना अथवा ग्राइंडरवर पोलादाची कपची उडून डोळ्यात रुतली असेल, तर धुणे नाही, चोळणे नाही, उपसणे तर नाहीच. डोळ्यावर दाब न येईल असा कागदी पेला उपडा चिकटवावा आणि रुग्णास इस्पितळात न्यावे. वेदना थोडी आहे म्हणून फसू नये. वेगाने गेलेली बारीक कपची फारशी न दुखविताही आत शिरते.

मालकास दोष देताना घरातील मुसळही दिसले पाहिजे. पदराच्या टोकाने कण काढणे, गुलाबपाणी, मध, तूप हे सारे आपल्या घरांत अद्याप चालते. त्याहून भयंकर म्हणजे गावाकडून सामानातून येणारी थेंबांची बाटली. तीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. लाली ओसरते, आणि बुबुळावरील जखमेत बुरशी अथवा नागिणीसदृश हर्पीसचा विषाणू असल्यास तो आतल्या आत फोफावतो. वेल्डिंगच्या झगमगाटाने रात्री डोळे पेटतात, तेव्हा बधिर करणारे थेंब वारंवार घालणारेही आम्ही पाहिले आहेत. ते थेंब जखम भरूच देत नाहीत.

आपल्या संघटनांबद्दलही बोलू. जयंतीच्या मेळाव्यात रक्तदाब मोजतो, साखर तपासतो. पन्नाशीच्या पुढच्यांची ही सोय उत्तम आहे. परंतु रात्रपाळीवरून थेट मेळाव्यास आलेल्या बाविशीच्या पोराला तिचा उपयोग काय? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. मग त्याच मंडपात एक तांब्या, एक घमेले आणि एक घड्याळ घेऊन दहा मिनिटे प्रात्यक्षिक दाखविण्यास कोणती अडचण आहे? पुढील १४ एप्रिलला आम्ही स्वतः येण्यास तयार आहोत. समितीने स्वयंपाकघराच्या नळाजवळची जागा तेवढी मोकळी ठेवावी, आणि भोजनानंतर भांडी घासणाऱ्या स्वयंसेवकांना प्रथम बोलवावे.