स्वस्त विमान कोणते?

वसईजवळील माणिकपूर येथून एका गृहस्थांचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांचे कुटुंब चार भावांचे, एकत्र नांदणारे. वडिलोपार्जित वाडीचा एक तुकडा इमारतीसाठी विकला गेला व त्याचे पैसे घरात आले. धाकट्या भावाच्या चिरंजीवांनी हौसेखातर उड्डाणाचा खासगी परवाना मिळविला आहे, आणि आपल्या वाट्याच्या रकमेतून एखादे जुने, लहान, शेपटीला चाक असलेले विमान घ्यावे असा त्यांचा मनोदय आहे. आईच्या जिवाला घोर लागला आहे. काका खर्चाचे आकडे मांडून बसले आहेत. आणि निकाल देण्याची पाळी घरातील वडील ह्या नात्याने पत्रलेखकांवर आली आहे. विमान कोणते घ्यावे, की घेऊच नये, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. असा प्रसंग थोड्याच घरांत येत असेल. परंतु हौस, पैसा व जीव ह्या तिहींचा मेळ कसा घालावा ही विवंचना सर्वच घरांत असते, म्हणून त्याचे उत्तर आम्ही येथे सविस्तर देत आहोत.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, पुतण्याची हौस जगावेगळी नाही. खाडी ओलांडून दक्षिणेस गेले की जुहूचा विमानतळ लागतो. तो १९२८ साली सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन अहमदाबादमार्गे ह्याच जुहूस उतरले, ते 'पस मॉथ' नावाच्या लहानशा विमानातून. आणि पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तोच प्रवास 'लेपर्ड मॉथ' विमानातून पुन्हा केला. ही दोन्ही विमाने शेपटीकडे टेकणारी. आपल्या लोकांचाही ह्या कामी हात आहे. कोल्हापूरकडील डॉ. विष्णु माधव घाटगे हे जर्मनीत गटिंगेन येथे प्रान्टल ह्या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आले. बंगलोरच्या हिंदुस्थान कारखान्यात त्यांच्या देखरेखीखाली १९५१ साली 'एचटी-२' हे शिकाऊंचे विमान उडाले, आणि १९५८ साली 'पुष्पक'. पुष्पक म्हणजे दोघांनी शेजारी शेजारी बसावयाचे, नव्वद अश्वशक्तीच्या एंजिनाचे, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेले साधे विमान. देशातील उड्डाणसंघांतून कित्येकांनी त्यावरच पहिले धडे गिरविले.

आता ह्या जातीचे गुणदोष पाहू. हल्लीच्या बहुतेक विमानांस तिसरे चाक नाकाखाली असते. ह्यांना ते शेपटीखाली असते. त्यामुळे नाक उंच राहते, पंखा खडबडीत जमिनीपासून दूर राहतो, आणि गवताळ मैदानावरही विमान उतरविता येते. शेपटीचे चाक लहान व हलके असल्याने वजन वाचते व दुरुस्तीही सोपी पडते. हा झाला गुण. दोष असा की, अशा विमानाचा मुख्य भार पुढील दोन चाकांच्या मागे असतो. हातगाडी पुढून ओढली तर ती निमूटपणे मागोमाग येते. मागून ढकलली तर जरा दुर्लक्ष होताच तिचे तोंड आडवे फिरते. हे विमान जमिनीवर धावताना त्या ढकललेल्या गाडीसारखे वागते. वारा बाजूने आला आणि वैमानिकाचे पाय सुकाणूवर क्षणभर आळसावले, तर शेपूट पुढे येऊ पाहते व विमान गर्रकन फिरते. अशा फेऱ्यात जीव सहसा जात नाही, पण पंखाचे टोक, चाकाचा पाय व वर्षाची बचत बहुधा जाते. शिवाय उंच नाकामुळे समोरचे दिसत नाही, म्हणून जमिनीवर नागमोडी चालावे लागते. म्हणूनच अमेरिकेत १९९१ पासून अशा विमानाकरिता शिक्षकाची वेगळी लेखी मान्यता लागते. चिरंजीवांचे शिक्षण नाकाखाली चाक असलेल्या विमानावर झाले असेल, तर चाळीस तासांच्या शिक्षणाने मिळालेला परवाना ह्या बाबतीत अपुरा समजावा.

विमान निवडावयाचे तर नियम एकच: जे हळू उडते, हलके आहे आणि ज्याचे सुटे भाग सहज मिळतात, ते चांगले. वेगाची हौस ज्याला आहे त्याने आगगाडीने जावे. परदेशात ह्या वर्गात 'पायपर कब' सर्वांत प्रसिद्ध. १९३८ ते १९४७ ह्या काळात तशी सुमारे २०,००० विमाने तयार झाली. पासष्ट अश्वशक्तीचे एंजिन, ताशी सुमारे १२० किलोमीटर वेग, आणि तासाला पंधरा-सोळा लिटर इंधन. त्यात एकट्याने उडताना मागील आसनावर बसावे लागते; त्याच काळातील 'एरॉन्का चॅम्प'मध्ये पुढे बसता येते व समोरचे अधिक दिसते, म्हणून नवख्यास चॅम्प बरे. आजच्या काळातील 'किटफॉक्स'सारख्या विमानांचे पंख घडी घालून मागे वळविता येतात, म्हणजे ठेवण्यास जागा कमी लागते. आणि त्यांना जोडले जाणारे 'रोटॅक्स' एंजिन मोटारीच्या पेट्रोलवर चालते. विमानाचे खास पेट्रोल आपल्याकडे महाग व थोड्याच ठिकाणी मिळत असल्याने ही गोष्ट लहान नव्हे. पुष्पकाचा अभिमान आम्हांसही आहे. तथापि त्यांपैकी बहुतेक आज जमिनीवरच विसावली आहेत, आणि अभिमानाने सुटे भाग मिळत नाहीत.

वजनाचा हिशेब काकांनी स्वतः करून पाहावा. कबचे रिकामे वजन सुमारे ३४५ किलो व कमाल वजन सुमारे ५५० किलो. म्हणजे वर २०५ किलो उरले. ऐंशी किलोचे दोन गृहस्थ व टाकीभर, म्हणजे ४५ लिटर, पेट्रोल घेतले की जेमतेम बारा किलो शिल्लक राहतात. सारे कुटुंब घेऊन गणपतीपुळ्यास जाण्याचे हे वाहन नव्हे, हे घरातील मंडळींना आधीच कळलेले बरे.

परंतु खरा खर्च विमानाच्या किमतीत नाहीच. हत्ती विकत घेता येतो. त्याचा चारा रोज लागतो. माणिकपुरास विमानतळ नाही. मुंबईच्या मोठ्या विमानतळाची वर्दळ इतकी जवळ की, नियंत्रकांच्या अनुज्ञेवाचून ह्या भागात उडता येत नाही. शिवाय एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी व मिठागरे. ह्या खारट, दमट हवेत पोलादी नळ्या आतून गंजतात आणि लाकडाचे सांधे सुटतात. पावसाळ्यात तर बोलूच नये. आरंभीच्या काळात जुहूची जमीन पावसात पाण्याखाली जाई, तेव्हा टाटांनाही विमाने पुण्यास हलवावी लागत. म्हणजे चातुर्मासात आपल्या विमानानेही व्रतस्थ राहावयाचे, आणि भाडे, विमा व तपासणीचा खर्च मात्र चालूच. मुंबईच्या उड्डाणसंघाचे शिक्षण जुहूहून धुळ्यास गेले, ह्यावरून काय ते समजावे. धुळ्याची हवा कोरडी खरी. पण माणिकपुराहून ते सुमारे तीनशे किलोमीटर. एका तासाच्या उड्डाणासाठी येण्याजाण्यात सबंध दिवस जावयाचा.

कागदपत्रांचेही तसेच. कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादव ह्यांनी घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. ते शेपटीच्या चाकाचे नव्हे; पण त्यांची कथा येथे बोधप्रद आहे. २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी ते विमान कौतुकाने पाहिले. त्याची सरकारी नोंद मात्र २०१७ साली झाली. घरच्यांनी व स्वतः त्यांनी धीर धरला म्हणून ते साधले. परदेशातून विमान आणणाऱ्यानेही आयातीची परवानगी, नोंदणी, उड्डाणयोग्यतेचा दाखला आणि त्यावर सही करणारा अधिकृत कारागीर ह्या चार गोष्टी आधी मिळवाव्या. जेथे असा कारागीर जवळ नाही, तेथे स्वस्तात स्वस्त विमानही महाग.

तेव्हा आमचे उत्तर असे. चिरंजीवांना नकार देऊ नये, पण क्रम उलटा करावयास सांगावे. आधी शेपटीच्या चाकाचा जाणता शिक्षक शोधावा व त्याच्याजवळ बाजूच्या वाऱ्यात उतरण्याचा सराव करावा. मग विमान ठेवण्याची छपराखालची कोरडी जागा व कारागीर पाहावा. नंतर दोन-तीन समविचारी भागीदार मिळवावेत. एकत्र कुटुंबात वाढलेल्यास भागीदारी कशी चालते हे निराळे शिकावे लागू नये. विमान सर्वांच्या शेवटी घ्यावे, आणि घेण्यापूर्वी आपल्या खर्चाने परक्या कारागिराकडून कापडाखालच्या नळ्यांसह तपासून घ्यावे. किमतीइतकीच आणखी रक्कम बाजूला ठेवता येत नसेल, तर ते विमान आपल्याला परवडत नाही असे समजावे. दोन वर्षांत हे सर्व न जमल्यास संघाचे विमान तासाच्या भाड्याने घेऊन उडावे. आकाश तेच असते.

आणि मातोश्रींसाठी एक शब्द. मुलाला उडू नको असे म्हणण्यापेक्षा त्याच्याकडून दोन वचने घ्यावीत: कोकणकिनाऱ्यावर दुपारनंतर समुद्राचा वारा वाढतो, तेव्हा सकाळीच उडावयाचे, आणि घरी जेवणाला वेळेवर पोहोचण्यासाठी वाईट हवेत कधीही निघावयाचे नाही. ह्यांपैकी दुसरे वचन पाळणे मुलाइतकेच घरच्यांच्याही हाती आहे. उशीर झाला म्हणून त्याला कोणी बोलू नये. पान झाकून ठेवावे.