वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक नव्हे

बालाघाटाच्या डोंगररांगांनी वेढलेल्या धाराशिव जिल्ह्यात औषधी वनस्पतींची वाण नाही. पानांचा अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिसळला की अर्कातील द्रव्यांमुळे चांदीचे नॅनोकण तयार होतात व द्रावण तपकिरी होते. कृती सोपी असल्याने साध्या प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांसही ती साधते. हे कण जंतुनाशक आहेत. मात्र ते माणसास निर्धोक आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे नाही.

लहान मुलाची चांदीची वाटी, मिठाईवरचा वर्ख यांमुळे चांदीविषयी घरोघरी विश्वास आहे. त्यात वनस्पतीची जोड मिळाली की शंकाच उरत नाही. परंतु धोतराही वनस्पतीच आहे; आणि चांदीचे क्षार दीर्घकाळ पोटात गेल्यास कातडी कायमची निळसर-करडी पडते, हे वैद्यकास ठाऊक आहे. १ ते १०० नॅनोमीटर इतक्या बारीक रूपात धातूचे पृष्ठफळ अतोनात वाढते. ज्या गुणामुळे हे कण जंतूंना मारतात, तोच गुण शरीराच्या पेशींनाही बाधू शकतो. शिवाय कणांवरील अर्काचे आवरण वनस्पतीगणिक बदलते. म्हणून तुळशीच्या कणांचा निष्कर्ष कडुनिंबाच्या कणांना लावता येत नाही.

यास्तव उंदरांवरील चाचणी आवश्यक ठरते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या ४२३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे दर टप्प्यास ३ प्राण्यांना एकच मात्रा देऊन १४ दिवस निरीक्षण करतात. प्राणी जगले, तर त्या मात्रेने तीव्र विषबाधा होत नाही, एवढेच सिद्ध होते. चांदी यकृतात व प्लीहेत साठते. नित्य सेवनाचा परिणाम जाणण्यासाठी २८ वा ९० दिवसांच्या चाचण्या, रक्ततपासणी आणि अवयवांची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी करावी लागते. चौदा दिवसांच्या निष्कर्षावर ‘सुरक्षित’ असा शिक्का मारणे ही लोकांची दिशाभूल होय.

प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखालील १९९८ च्या नियमांनी प्राणिप्रयोगांसाठी नोंदणी व समितीची पूर्वमान्यता बंधनकारक केली. तो केवळ कागदी सोपस्कार नव्हे. त्रोटक प्रयोगात प्राण्याचा जीव जातो आणि ज्ञानही हाती येत नाही. तेव्हा महाविद्यालयांनी स्वतंत्रपणे अपुरे प्रयोग करण्याऐवजी विद्यापीठाच्या साहाय्याने प्रथम कणांची नीट मोजदाद व पेशींवरील चाचणी करावी, आणि त्यांतून निवडलेल्या मोजक्याच कणांची सुसज्ज प्राणिगृहात दीर्घ परीक्षा व्हावी. तोवर प्रबंधात ‘सुरक्षित’ न म्हणता ‘अमुक मात्रेस, चौदा दिवसांत तीव्र विषबाधा आढळली नाही’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरेल.