नियम दोघांनाही लागू करा

प्रति,
बँका, विमा कंपन्या, पेमेंट अॅप आणि ऑनलाइन दुकानं चालवणाऱ्या कंपन्यांचे माहिती-सुरक्षा प्रमुख, कायदा विभाग आणि संचालक मंडळ यांस

विषय : बग बाऊंटी योजनांचे नियम आणि बक्षिसं

सन्माननीय महोदय, महोदया,



मी मूळची कोल्हापूर जिल्ह्यातली. पुण्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते आणि रात्री जेवणं उरकली की दोन-तीन तास तुमच्या वेबसाइट आणि अॅप तपासत बसते. चोरून नव्हे. ‘आमच्या यंत्रणेतल्या त्रुटी शोधा, आम्हाला कळवा, बक्षीस मिळवा’ असं आवतण तुम्हीच दिलेलं असतं. आवतणासोबत एक नियमावली येते. ती तुमच्यापैकी कुणी लिहिलेली असते, कुणी तिच्यावर सही केलेली असते. हे पत्र त्या दोघांना आहे.

दोन वर्षांपूर्वी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, विम्याची पावती इन्कम टॅक्ससाठी काढायची होती. माझी पॉलिसीही त्याच कंपनीची आणि त्या कंपनीची बग बाऊंटी योजनाही सुरू होती. पावतीची पीडीएफ उघडली तेव्हा ब्राउझरच्या पत्त्यात शेवटी पावतीचा क्रमांक दिसला. सवयीने हात थांबला. मी माझ्या लॉगिनमध्ये गेले, माझी पावती उघडली, पत्त्यातला माझा क्रमांक पुसून आबांचा टाकला आणि एंटर दाबलं. माझ्या लॉगिनमध्ये आबांची पावती समोर आली : पूर्ण नाव, घरचा पत्ता, जन्मतारीख, मोबाइल, वारसदार म्हणून आईचं नाव. सर्व्हरने मला ‘तू कोण’ हे विचारलं होतं; ‘ही पावती तुझी आहे का’ हे विचारलंच नव्हतं. आमच्या धंद्यात या त्रुटीला आयडॉर म्हणतात. तिला हत्यार लागत नाही. आकडा बदलता येणारं बोट पुरतं.

तिसरा आकडा टाकून बघायचा मोह होतोच. टाकला असता तर कुणा अनोळखी माणसाचं घर समोर उघडलं असतं. दुसऱ्या ग्राहकाची माहिती पाहू नये, असं नियमावलीत होतं. मी थांबले. पायऱ्या लिहिल्या, स्क्रीनशॉट जोडले, दोन्ही पॉलिसी कुणाच्या आणि आबांची परवानगी आहे हेही लिहिलं, आणि त्याच रात्री रिपोर्ट पाठवला.

मग शांतता. दुरुस्ती होईपर्यंत कुठेही वाच्यता करायची नाही, असा नियम होता. दुरुस्ती किती दिवसांत करणार, हे कुठेच नव्हतं. दोनदा आठवण करून दिली. सात आठवड्यांनी पाहिलं तर भोक बुजवलेलं होतं. त्यानंतर चार दिवसांनी मेल आली : ही त्रुटी आमच्या अंतर्गत पथकाला आधीच माहीत होती, म्हणून रिपोर्ट ‘डुप्लिकेट’ धरला आहे, आभार, टी-शर्टची साइज कळवावी. साइज कळवली, तरी आला तो दोन मापं मोठा. आबा तो घालून मळ्यात पाणी पाजायला जातात.

कंपनी खरं बोलत असेलही. एकच त्रुटी दोघांना सापडणं आमच्याकडे रोजचं आहे. पण आधीच माहीत असेल तर केव्हापासून? आणि तेवढे दिवस हजारो लोकांच्या पावत्या उघड्या का ठेवल्या? हे विचारायची सोय नव्हती. मग नियमावली पुन्हा नीट वाचली. माझ्यासाठी एकवीस कलमं होती. कंपनीसाठी एकच : बक्षीस द्यायचं की नाही आणि किती, याचा निर्णय कंपनी घेईल व तो अंतिम राहील.

माझं म्हणणं एवढंच आहे. नियम हवेतच, पण ते दोघांनाही बांधणारे हवेत.

ही पद्धत जुनी आहे. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये नेटस्केपने आपल्या ब्राउझरच्या चाचणी आवृत्तीतल्या त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षीस जाहीर केलं. मोझिलाने २००४ मध्ये ५०० डॉलर आणि एक टी-शर्ट द्यायला सुरुवात केली; टी-शर्ट तेव्हापासून आमच्या पाठी आहे. गूगलने २०१० मध्ये आणि फेसबुकने २०११ मध्ये आपापल्या योजना आणल्या. हे लोक नियम ठेचा खाऊन शिकलेत. त्याच ठेचा तुम्ही पुन्हा का खाव्यात?

२०१३ मध्ये याहूने एका सुरक्षा कंपनीला एका त्रुटीमागे साडेबारा डॉलर दिले, तेही याहूच्याच दुकानात खर्च करायचं कुपन म्हणून. जगभर हसं झालं. याहूच्या सुरक्षा पथकाच्या प्रमुखाला जाहीरपणे सांगावं लागलं की आजवरचे टी-शर्ट तो स्वतःच्या खिशातून पाठवत होता. त्यानंतर याहूने १५० ते १५,००० डॉलरचं दरपत्रक लावलं. दरपत्रक आधी लागलं असतं, तर बदनामी आणि त्या माणसाचे पैसे दोन्ही वाचले असते.

त्याच वर्षी खलील श्रेयतेह या पॅलेस्टिनी तरुणाने फेसबुकला कळवलं की कुणाच्याही भिंतीवर परवानगीशिवाय लिहिता येतं. ‘हा बग नाही,’ असं उत्तर आलं. मग त्याने थेट मार्क झुकेरबर्गच्या भिंतीवर लिहून दाखवलं. त्रुटी लगेच बुजली, पण दुसऱ्याच्या खात्यावर प्रयोग केला म्हणून बक्षीस नाकारलं गेलं. सुरक्षा क्षेत्रातल्या लोकांनी वर्गणी काढून त्याच्यासाठी दहा हजार डॉलरहून जास्त रक्कम जमवली. नियम त्याने मोडला, हे मी मान्य करते. पण त्याचा पहिला रिपोर्ट कुणी धड वाचला असता, तर मोडायची वेळच आली नसती. दारावरची पहिली टकटक ऐकणारा माणूस नेमणं हा बक्षिसाच्या आधीचा खर्च आहे.

तीच कंपनी तीन वर्षांनी काय शिकली ते पाहा. २०१६ मध्ये बंगळूरच्या आनंद प्रकाश यांना फेसबुकच्या चाचणी संकेतस्थळावर एक भोक सापडलं. पासवर्ड विसरल्यावर मोबाइलवर सहा आकडी कोड येतो. मुख्य साइटवर दहा-बारा चुकीचे कोड टाकले की दार बंद व्हायचं. चाचणीच्या साइटवर ते बंदच होत नव्हतं. सहा आकडे म्हणजे दहा लाख शक्यता, आणि संगणकाला दहा लाख म्हणजे काहीच नाही. त्यांनी प्रयोग केला तो स्वतःच्या खात्यावर. दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती झाली आणि १५,००० डॉलर मिळाले. शोधायला किती रात्री जागलात, हे कुणी विचारलं नाही. भोक चोराला सापडलं असतं तर काय झालं असतं, यावरून रक्कम ठरली. बक्षिसाचं माप हेच असायला हवं.

आता कायदा विभागासाठी. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दल आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केलं तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माझा हेतू प्रामाणिक होता, हे शेवटी सिद्ध होईलही. तोवर माझा लॅपटॉप पोलिसांच्या कपाटात आणि नोकरी टांगणीला. म्हणून तुमच्या नियमावलीतलं प्रत्येक वाक्य माझ्यासाठी परवानगीचा कागद असतं. ‘नियम पाळून तपासणी केल्यास आम्ही तक्रार करणार नाही, ही तपासणी आमच्या परवानगीने झाली असं मानू,’ एवढं स्पष्ट लिहा. अमेरिकेच्या न्याय विभागाने मे २०२२ मध्ये सद्हेतूने केलेल्या सुरक्षा संशोधनावर खटला न भरण्याचं धोरण जाहीर केलं. आपल्याकडे तसं होईल तेव्हा होईल. तुमच्या कंपनीपुरतं ते आजच करता येतं. ‘कायदेशीर कारवाईचा हक्क राखून’ हे शेपूट मात्र कापा. ते वाचून चांगली पोरं परत जातात. चोर नियमावली वाचतच नाही.

गप्प राहण्याच्या अटीलाही वेळेचं आणि सत्याचं बंधन हवं. उबरचा किस्सा तुम्हाला माहीत असेल. २०१६ मध्ये चोरट्यांनी ५.७ कोटी प्रवासी आणि चालकांची माहिती उचलली. कंपनीने त्यांना एक लाख डॉलर दिले, गप्प राहण्याच्या करारावर सह्या घेतल्या आणि हा सगळा व्यवहार बग बाऊंटीच्या नावाखाली दाखवला. तेव्हाचे सुरक्षाप्रमुख जो सुलिव्हन २०२२ मध्ये दोषी ठरले. पुढच्या वर्षी तुरुंग टळून तीन वर्षांच्या देखरेखीची शिक्षा झाली. माहिती उचलून पैसे मागणारा खंडणीखोर असतो. बक्षीस सांगणाऱ्याला द्यायचं असतं, गप्प बसणाऱ्याला नाही.

तुमचीही बाजू मला माहीत आहे. रिपोर्टच्या ढिगात निम्मा कचरा असतो. फुकटचं स्कॅनर चालवायचं, जे निघेल ते चिकटवायचं आणि ‘सर, बाऊंटी कधी?’ अशी रोज मेल टाकायची, असे लोक आमच्यात आहेत. आता एआयकडून चार पानी रिपोर्ट लिहून घेतात; भाषा गुळगुळीत, आत त्रुटीच नाही. कर्ल या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरने २०१९ पासून चालवलेली बक्षीस योजना अशाच पोकळ रिपोर्टांना कंटाळून २०२६ च्या सुरुवातीला बंद केली. तेव्हा आमच्यावरचे नियम सैल करा, असं मी म्हणत नाही. उलट कडक करा. चालवून दाखवता येत नाही तो रिपोर्ट उघडू नका. सर्व्हर पाडणारा, कर्मचाऱ्यांना फोन करून फसवणारा, तिसरा आकडा टाकून बघणारा, या सगळ्यांना बाहेर ठेवा.

पण मग तुमच्या बाजूची कलमंही लिहा. माझ्या मते ती सहा आहेत.

१. रिपोर्ट कुठे पाठवायचा तो पत्ता सहज सापडावा. २०२२ पासून यासाठी सिक्युरिटी डॉट टीएक्सटी नावाच्या साध्या फाइलचा प्रमाणित नमुना आहे. पाच मिनिटांचं काम आहे. ती नसते तेव्हा आम्ही कस्टमर केअरला फोन लावतो आणि तिथली मुलगी आधी पॉलिसी नंबर विचारते.

२. पोच तीन दिवसांत, त्रुटी खरी की खोटी हा निकाल पंधरा दिवसांत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तुम्हाला सरकारला कळवावी लागते. ते जमतं, तर हेही जमेल.

३. दुरुस्तीची मुदत. गूगलचं प्रोजेक्ट झीरो पथक इतर कंपन्यांना ९० दिवस देतं. तुम्हीही तेवढे घ्या. जास्त लागले तर मागून घ्या. बेमुदत मौन मात्र मागू नका.

४. बक्षिसाचं दरपत्रक, गांभीर्याच्या पायऱ्यांनुसार, आधी जाहीर करा. द्यायला पैसे नसतील तर तसं स्पष्ट लिहा; फुकट कळवणारेही आहेत. आम्हाला राग शून्याचा येत नाही, आशा दाखवून शून्य दिल्याचा येतो.

५. ‘डुप्लिकेट’ म्हणाल तेव्हा मूळ नोंदीची तारीख द्या. ‘स्कोपबाहेर’, म्हणजे योजनेच्या कक्षेबाहेर, म्हणून नाकाराल तेव्हा ती त्रुटी गुपचूप बुजवू नका. बुजवण्याइतकी खरी असेल, तर ती कळवणाऱ्याच्या नावावर लावा.

६. रक्कम निकालाबरोबर द्या, दुरुस्ती होईपर्यंत अडवू नका. टीडीएस कापा, पण प्रमाणपत्र पाठवा. निकाल पटला नाही तर ज्याने तो दिला त्याच्या वर दाद मागायची सोय ठेवा.

हे परवडणार नाही, असं संचालक मंडळात कुणी म्हणेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवरच्या सायबर हल्ल्यात दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बाऊंटी योजना असती तर तो हल्ला टळला असता, असा माझा दावा नाही; ती चोरी वेगळ्या जातीची होती. बाहेरून पाहणारे चार डोळे हे कुलपाच्या जागी येत नाहीत. पण कुलूप लावायचं राहिलं तर तेच आधी सांगतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१६ मध्ये ‘हॅक द पेंटागॉन’ नावाने महिनाभर आपली संकेतस्थळं तपासायला दिली तेव्हा १३८ खऱ्या त्रुटी निघाल्या. खर्च साधारण दीड लाख डॉलर. आपल्याकडेही २०२० मध्ये आरोग्य सेतूचा कोड खुला करताना सरकारने त्रुटींसाठी बक्षिसं जाहीर केली होती. सैन्याला आणि सरकारला जे लाजिरवाणं वाटलं नाही, ते विमा कंपनीला का वाटावं?

परवाच आबांनी विचारलं, कंपनीने हा सदरा कशाबद्दल दिला? मी सांगितलं, त्यांचं दार उघडं होतं, मी कळवलं. आबा म्हणाले, “मग आपलं कागदपत्र आता नीट आहे ना?” टी-शर्टबद्दल त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांच्या प्रश्नाला मी ‘हो’ म्हणाले, कारण तो एक आकडा मी स्वतः पुन्हा टाकून पाहिला होता. पण त्या साइटवर आणखी किती क्रमांक, किती दारं आहेत, ते तुम्हालाच माहीत. रात्री बसून मी ती तपासायला तयार आहे. फक्त पुढच्या वेळी नियमावलीत तुमचीही कलमं असू द्या.

कळावे,

आपली नम्र,
तुमच्या योजनेतली एक त्रुटीशोधक
आणि तुमचीच पॉलिसीधारक