मेंदूतला वडखळ नाका

शनिवारी सकाळी अलिबागला निघालेल्या प्रत्येक मुंबईकराला वडखळ नाका ठाऊक असतो. एक ट्रक बंद पडला की अलिबागवाले, मुरुडवाले, सगळेच लटकले! गोव्याकडे जाणाऱ्यांसाठी तिथे आता बायपास झालाय. पण असाच एक नाका आपल्या डोक्यातही आहे, आणि त्याला बायपास जवळजवळ नाहीच.

नाव इंटर्नल कॅप्सूल. औषधाच्या कॅप्सूलशी काही संबंध नाही, ही मज्जातंतूंची जुडी आहे. चेहरा, हात, पाय यांना हुकूम सोडणारे तंतू मेंदूच्या पृष्ठभागावर ऐसपैस पसरलेले असतात. खाली उतरताना मात्र ते पंख्याच्या मुठीसारखे एकत्र येतात आणि थॅलॅमसच्या बाजूच्या चिंचोळ्या पट्टीतून जातात. पुढे मानेच्या जरा वर बहुतेक तंतू बाजू बदलतात, म्हणून डावीकडची जुडी उजवा हात हलवते. या पट्टीला रक्त पुरवणाऱ्या नळ्या बहुतेक मिलिमीटरहूनही बारीक. वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी नेमकं त्यांनाच पोखरतं. पृष्ठभागावर हरभऱ्याएवढी इजा झाली तर कदाचित दोन-चार बोटंच अडतील. इथे झाली तर अख्खी एक बाजू जाते.

आमच्या मुरुडला याला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. गोची अशी, की स्मरणशक्ती आणि समज शाबूत असते. त्यामुळे पेशंटच आपल्याला समजावतो, "अगं, हात अवघडलाय नुसता." आमच्या आळीतल्या एका काकांचा हात दुपारी लुळा पडला, पंधरा मिनिटांत बरा झाला, संध्याकाळी पुन्हा पडला. काकूंनी तेल चोळलं. रात्री पायही गेला. अशी ये-जा हा या नाक्याचा इशारा असू शकतो. बरं वाटलं तरी निघायचंच.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देतात. तेही सीटी स्कॅननंतर, कारण रक्तस्राव असेल तर ते घातक ठरतं. आणि आपला लाडका निर्णय काय, तर "सरळ मुंबईलाच नेऊ"! मुरुडहून मुंबई दीडशे किलोमीटरच्या आसपास, चार तास रस्त्यातच संपले. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचही बंद.

तेव्हा गावी आई-बाबा असतील तर या वीकेंडला एक चौकशी करून ठेवा: चोवीस तास सीटी स्कॅन असलेलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कोणतं? मी ते नाव आणि १०८ नंबर ठळक अक्षरांत फ्रिजवर चिकटवून आलेय. शेजारी बाबांच्या बीपीच्या गोळ्यांचं टाइमटेबल. आईने त्यावर दूधवाल्याचा हिशोबही लिहिलाय, चालेल.