कळ नंबर चार

माझे बाबा ३१ वर्षं कोर्टाच्या फाटकाबाहेर मराठी टाइपरायटर घेऊन बसले. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसांचे अर्ज. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत त्यांची ओळ कागदावर उतरलेली असायची. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका वकिलांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. म्हणाले, "अण्णा, आता उन्हात बसू नका, इथे कॉम्प्युटरवर बसा." कॉम्प्युटरवर मराठी होतं, युनिकोड होतं, सगळं होतं. बाबांनी 'स्थिती' हा शब्द टाइप करायला घेतला आणि पहिल्याच वेलांटीला अडकले. संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाले, "अगं, मला मराठी लिहिता येत नाही असं दिसतंय."

त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. हा लेख त्या रागातूनच लिहितेय.

तुम्ही हे बहुधा फोनवर वाचताय आणि तुम्हाला वाटेल, कीबोर्ड ही काय भांडायची गोष्ट आहे? मला आहे, कारण मी कीबोर्ड बांधते. सर्किट बोर्ड मागवायचा, स्विच सोल्डर करायचे आणि आतल्या चिपमध्ये क्यूएमके नावाचं मुक्त फर्मवेअर घालायचं. कुठली कळ दाबल्यावर काय व्हावं, हे त्यात आपण ठरवतो. क्यूएमकेमध्ये युनिकोडची सोयही आहे. म्हटलं, बाबांच्या बोटांना सवय आहे तीच टाइपरायटरची मांडणी थेट कीबोर्डच्या पोटात घालू. मग तो कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, मराठीच उमटेल.

इथे मला पहिला धक्का बसला. कीबोर्डला कुठलंच अक्षर येत नाही, इंग्रजीसुद्धा नाही. यूएसबी कीबोर्ड फक्त 'अमुक नंबरची कळ दाबली' एवढंच सांगतो. कळ नंबर चार म्हणजे अमेरिकन मांडणीत 'ए'. फ्रेंच मांडणीत तीच कळ 'क्यू' आणि आपल्या इनस्क्रिप्टमध्ये ओकाराची मात्रा. अक्षर कुठलं, हे पलीकडची ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. "कॉम्प्युटरची भाषा मुळात इंग्रजी" असं लहानपणापासून ऐकत आलो, ते निदान कीबोर्डच्या तारेपुरतं साफ खोटं आहे. तारेतून नंबर जातात. नंबरांवर इंग्रजीचा पहिला हक्क ही माणसांनी बसवलेली व्यवस्था आहे.

मग फर्मवेअर युनिकोड कसं पाठवतं? सोंग काढून. लिनक्सवर 'ळ' हवा असेल तर ते कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकत्र दाबल्याचं नाटक करतं, मग ०, ९, ३, ३ हे आकडे टाइप करतं आणि शेवटी स्पेस. एका चिन्हाला सहा ठोके. 'महाराष्ट्र' या शब्दात युनिकोडची १० चिन्हं आहेत, म्हणजे एका शब्दाला ६० ठोके. मॅकवर हेच सोंग ऑप्शनची कळ धरून काढायचं, पण आधी सेटिंगमध्ये जाऊन 'युनिकोड हेक्स इनपुट' निवडलेलं असलं पाहिजे. विंडोजवर त्यासाठी रजिस्ट्रीत बदल करावा लागतो, नाहीतर वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागतो.

तरीही मी ते केलं, कारण खरं काम पुढेच होतं. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, कारण कागदावर ती डावीकडे असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. म्हणजे बाबांनी 'स्थि' टाइप करताना वेलांटी मारली की फर्मवेअरने ती हातात धरून थांबायचं, अर्धा स जाऊ द्यायचा, थ पूर्ण होऊ द्यायचा आणि मगच वेलांटी सोडायची. थसुद्धा आधी अर्धा येतो आणि दांडी मारल्यावर पूर्ण होतो. रफार याच्या उलट. 'सर्व' लिहिताना बाबा स, व आणि मग वर रफार देतात. युनिकोडला र आधी हवा. म्हणून फर्मवेअरने बॅकस्पेस मारून व खोडायचा, र आणि हलन्त टाकायचा, पुन्हा व लिहायचा. चार महिने रात्री जागून हे बसवलं. शेवटी 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन्ही शब्द बाबांनी न अडखळता टाइप केले. गुरुजी आणि स्वयंपाकी यांच्यात फरक करता येणं कोर्टाच्या कागदावर महत्त्वाचं असतं.

घरच्या लिनक्सवर सगळं चाललं. वकिलांच्या ऑफिसात कीबोर्ड लावला, तर स्क्रीनवर एकही मराठी अक्षर आलं नाही. तिथली सेटिंग बदलायची परवानगी नव्हती. माझ्या फोनला लावला, तर ळच्या जागी ०९३३ हे कोरडे आकडे उमटले.

कुणी म्हणेल, अशी मांडणी देणारी सॉफ्टवेअर आहेत, ती बसवा. आहेत, मान्य. पण ती आपल्या मशीनवर बसवता येतात आणि पोटासाठी टाइप करणारा माणूस दुसऱ्याच्या मशीनवर बसतो. कुणी म्हणेल, इनस्क्रिप्ट शिका. मी शिकलेय, उत्तम मांडणी आहे, तुम्हीही शिका. पण ६३ वर्षांच्या माणसाच्या बोटांतलं तीन दशकांचं कौशल्य पुसून 'पहिलीपासून सुरू करा' म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आणि कुणी म्हणेल, आता रोमन टाइप केलं की मराठी होतं, नुसतं बोललं तरी होतं. होतं. पण तिथे मशीन अंदाज करतं. मित्राला 'जेवलास का' विचारायला अंदाज पुरतो. सातबारावरच्या नावाला पुरत नाही.

खरा राग पुढे आहे. यूएसबी कीबोर्ड, माउस अशा उपकरणांनी कॉम्प्युटरशी कसं बोलावं याचं एक प्रमाण आहे. त्यात कीबोर्डच्या कळांचं एक पान आहे, तसं युनिकोडचंही एक स्वतंत्र पान आहे. म्हणजे उपकरणाने सोंग न काढता सरळ 'हा घ्या ळ' म्हणायची जागा कागदावर केव्हाचीच करून ठेवलेली आहे. त्या पानावर १६ बिटांत मावणारी चिन्हंच बसतात. बहुतेक इमोजी त्यात मावत नाहीत, पण देवनागरीची सगळी बाराखडी आरामात मावते. आणि मी वापरते त्या एकाही सिस्टिमवर ते पान कीबोर्डसाठी उघडत नाही. दार आहे, आतून कडी लावलेली आहे आणि आपण खिडकीतून एकेक आकडा आत टाकतोय.

सुरक्षेचं कारण पुढे कराल तर ऐका. आजही कुठलाही लबाड कीबोर्ड इंग्रजीत हवी ती आज्ञा टाइप करून मशीन ताब्यात घेऊ शकतो. तेवढा विश्वास इंग्रजीच्या कळांवर टाकलेलाच आहे. 'ळ' आल्याने त्यात कुठला नवा धोका वाढतो?

मला चीड येते ती आपल्या समजूतदारपणाची. क्यूएमकेच्या दुनियेत युनिकोडची सोय बहुतेक जण हसरे चेहरे, गणिताची चिन्हं आणि युरोपीय स्वरांवरच्या टिंबांसाठी वापरतात. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांची लिपी वेगळी आहे. पण कोट्यवधी माणसांची रोजची लिपी 'जास्तीची चिन्हं' या खणात पडलीय आणि आपण ते निमूट मान्य केलंय. फोनवर चाललं ना, मग झालं.

झालेलं नाही. तुमच्यापैकी अनेक जण उद्या हीच ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्या कंपन्यांत जाल, काही जण आजही असाल. तिथे हे पान उघडायला सांगा. ते उघडेपर्यंत निदान हेक्सची खिडकी प्रत्येक मशीनवर आधीपासून उघडी ठेवायला सांगा. आणि कीबोर्ड बांधणाऱ्यांनो, मराठी मांडण्यांचं फर्मवेअर लिहून खुलं टाका. माझं टाकते आहे, चुकांसकट.

बाबा सध्या घरी बसून टाइप करतात. शेजारपाजारचे लोक अर्ज घेऊन येतात आणि मजकूर पेनड्राइव्हवर घेऊन जातात. वकिलांच्या ऑफिसातली खुर्ची वेगळ्याच कुणाला मिळाली. परवा त्यांनी कीबोर्ड पुसता पुसता विचारलं, "हा तिकडे कधी चालेल गं?"

मी म्हटलं, "बाबा, कीबोर्ड तयार आहे. तिकडचेच तयार नाहीत."