मॅनेजमेंट कोट्यातला फुटबॉल

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात कपड्यांच्या एखाद्या ठेल्यावर रियल माद्रिद, बार्सिलोना आणि मँचेस्टर सिटी एकाच दोरीवर शेजारी शेजारी लटकलेले दिसतात. ती जर्सी घालणारी पोरं चॅम्पियन्स लीगची मॅच बघायला रात्री साडेबारापर्यंत जागतात, हिवाळ्यात तर दीडपर्यंत. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न ठरलेला, ‘कोण जिंकलं बे?’ गोल कोणी मारला, रेफ्री कसा आंधळा होता, यावर तासभर चर्चा होते. पण हे क्लब त्या स्पर्धेत पोचतात कसे, हे फारसं कोणी विचारत नाही.

मला तोच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. कोण जिंकणार हे मैदानावर ठरतं, पण मैदानावर कोण उतरणार हे नियम ठरवतात. आणि त्या नियमांचा माग काढत गेलं की आपण माद्रिदहून निघून थेट नागपूरच्या मैदानावर येऊन थांबतो.

युरोपातले कॅप राऊंड

आपण सगळे प्रवेशाच्या कॅप राऊंडमधून गेलेलो आहोत, त्यामुळे युरोपचं गणित आपल्याला समजायला हरकत नाही. २०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीगच्या मुख्य टप्प्यात ३६ क्लब असतात. त्यातल्या २९ जागा थेट भरतात. गेल्या वर्षीचा विजेता आणि युरोपा लीगचा विजेता यांना एकेक जागा. पहिल्या चार देशांना चार-चार, पाचव्याला तीन, सहाव्याला दोन आणि सातव्या ते दहाव्या देशाच्या विजेत्यांना एकेक. वर आणखी दोन जागा, आदल्या वर्षी ज्या दोन देशांच्या क्लबांनी युरोपात मिळून सर्वांत चांगली कामगिरी केली त्यांना. उरलेल्या सात जागांसाठी पात्रता फेऱ्या.

देशांचा क्रम कसा लागतो? त्या देशाच्या क्लबांनी पाच वर्षांत युरोपात मिळवलेल्या गुणांवरून. मुख्य स्पर्धेत विजयाला दोन गुण, बरोबरीला एक, आणि एकूण बेरीज त्या देशाच्या सहभागी क्लबांच्या संख्येनं भागायची. म्हणजे माझा क्लब हरला, तर पुढे कधीतरी माझ्या देशातल्या दुसऱ्याच क्लबची जागा जाऊ शकते.

याचा निकाल कधी कधी भन्नाट लागतो. २०२४-२५ मध्ये टॉटनहॅम इंग्लंडच्या लीगमध्ये १७ वा आला. एक पायरी खाली घसरला असता तर दुसऱ्या श्रेणीत गेला असता. पण २१ मे २०२५ ला बिल्बाओमध्ये मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून त्यानं युरोपा लीग जिंकली आणि थेट चॅम्पियन्स लीग गाठली. त्या हंगामात इंग्लंडचे सहा क्लब तिथे होते.

पण मला भारी वाटतो तो कझाकस्तानच्या अल्माटीचा कैरात. चीनच्या सीमेजवळच्या या शहरातल्या क्लबनं २०२५ च्या जुलैमध्ये पात्रतेच्या पहिल्या फेरीपासून सुरुवात केली. चार फेऱ्या, आठ सामने. शेवटच्या फेरीत स्कॉटलंडच्या सेल्टिकला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवलं. सप्टेंबर संपता संपता रियल माद्रिदला विमान पकडून अल्माटीला यावं लागलं. कैरात ०-५ हरला. हरू दे ना! माद्रिद आपल्या गावात आलं, आणि ते कोणाच्या मेहरबानीनं नाही, आठ सामने खेळून आणलं.

युरोप म्हणजे काही संतांचा मठ नाही. तिथेही पैसा बोलतो, वरच्या देशांचे ताट आधीच भरलेले असते. क्रिस्टल पॅलेसनं २०२५ मध्ये एफए कप जिंकून युरोपा लीगची जागा मिळवली, पण एकाच मालकाचा हिस्सा दोन क्लबांत असल्याच्या नियमामुळे त्याला खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं गेलं. आणि एप्रिल २०२१ मध्ये तर १२ श्रीमंत क्लबांनी स्वतःची सुपर लीग जाहीर केली होती. संस्थापक क्लबांच्या जागा कायमच्या राखीव, कितीही हरले तरी. इंग्लंडचे चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांच्या आत सहाही इंग्लिश क्लब मागे फिरले. स्वतःचाच क्लब फुकटात वर बसतोय म्हणून चाहते चिडले, हे आपण नीट लक्षात घ्यायला हवं.

आपले क्लब आशियात

युरोपात जशी चॅम्पियन्स लीग, तशी आशियात आशियाई महासंघाची. २०१९-२० पासून आयएसएलमध्ये साखळी टप्प्यात पहिला येणाऱ्याला लीग शील्ड आणि त्यासोबत आशियाचं तिकीट मिळू लागलं. पहिलं तिकीट एफसी गोवाला. त्या वर्षी अंतिम सामना जिंकला एटीकेनं, पण चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत गेला गोवा, कारण तो साखळीत पहिला होता. २०२१ मध्ये घरच्या फातोर्डा मैदानावर त्यानं कतारच्या अल-रय्यानला ०-० रोखलं.

पुढचं तिकीट मुंबई सिटीचं. २८ फेब्रुवारी २०२१ ला साखळीच्या शेवटच्या सामन्यात एटीके मोहन बागानला २-० हरवलं. दोघांचेही ४० गुण, पण आपसातल्या सामन्यांच्या जोरावर मुंबई वर. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये मुंबईनं इराकच्या अल-कुवा अल-जवियाला २-१ हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा हा पहिलाच विजय. विजयी गोल राहुल भेकेचा, तोही मुंबईचाच. गटात मुंबई दुसरी आली.

२०२३ मध्ये जमशेदपूरला ३-१ हरवून मुंबई पुन्हा पात्र ठरली आणि गटात निघाला नेमारचा अल-हिलाल. घरचे सामने पुण्यात, बालेवाडीला. नेमार जखमी झाला, आला नाही. मुंबई सहाच्या सहा सामने हरली. दोन वर्षांनी गोव्यात तीच गोष्ट. सुपर कप जिंकून, मग ऑगस्ट २०२५ मध्ये ओमानच्या अल-सीबला २-१ हरवून गोवा चॅम्पियन्स लीग टूमध्ये पोचला. २२ ऑक्टोबरला फातोर्डावर अल-नस्र आला, रोनाल्डो आला नाही. ब्रायसन फर्नांडिसनं गोल केला, गोवा १-२ हरला. आपल्या गप्पांमध्ये मात्र एकच विषय, ‘रोनाल्डो काऊन नाही आला?’ गोवा तिथे कसा आला, हे कोणालाच विचारावंसं वाटलं नाही.

आणि मिळालेली जागा टिकवायचीही असते. मोहन बागान २०२४ मध्ये तबरीझला आणि २०२५ मध्ये इस्फहानला खेळायला गेला नाही. दोन्ही वेळा महासंघानं त्याला स्पर्धेतून बाहेर धरलं आणि त्याचे निकाल रद्द केले. इराणमधल्या परिस्थितीत खेळाडूंना वाटलेली काळजी खोटी नव्हती, जीव आधी. पण देशांचा क्रम सगळ्या क्लबांच्या निकालांवर लागतो. तेव्हा अशा वेळी काय करायचं, तटस्थ मैदान कधी मागायचं, हे ड्रॉ निघाल्याबरोबर ठरवायला हवं, विमानतळावर नाही.

वरचं दार उघडलं, खालचं नाही

आता मुद्द्यावर येते. आशियात पोचायचं तर आधी देशाच्या वरच्या लीगमध्ये असायला हवं. तिथे कसं पोचायचं?

२०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा उत्तर सरळ होतं, फ्रँचायझी घ्या. मेरिट लिस्ट नाही, मॅनेजमेंट कोटा. २०१७ मध्ये मिझोरामच्या आयझॉल एफसीनं आय-लीग जिंकली. ईशान्येकडचा पहिला विजेता. देशाचा विजेता म्हणून आयझॉल आशियात खेळून आला, पण आयएसएलचं दार त्याच्यासाठी उघडलं नाही. त्याच वर्षी आयएसएलमध्ये दोन नवे क्लब आले, तेही बोली लावून.

आय-लीग जिंकून वर जाणारा पहिला क्लब पंजाब एफसी, तो २०२३ मध्ये. दुसऱ्या वर्षी मोहमेडन. चांगलंच झालं. पण खाली? आयएसएलच्या पहिल्या अकरा हंगामांत तळाला आला म्हणून एकही क्लब खाली गेला नाही. आय-लीगमध्ये मात्र हा नियम चालत आला. मुंबईचा केंकरे २०२३ मध्ये खाली गेला. म्हणजे गरिबाला पास-नापास आणि श्रीमंताला थेट पुढचा वर्ग.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं. कोट्यवधी ओतणाऱ्या मालकाला खात्री नको का? उद्या खाली गेला तर तो क्लबच बंद करेल. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. उघड्या लीगमध्येही क्लब मेलेत, आणि आपल्याच राज्यात. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, २००७ मध्ये एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. २०१० मध्ये कंपनीनं संघ बंद केला. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, २०१४ मध्ये एएफसी कप खेळला. आज तो क्लब नाही. दोघेही खेळून पात्र ठरले होते.

पण मग बंद दारानं कोण वाचलं? एफसी पुणे सिटी आयएसएलमध्येच होता. खाली जाण्याची भीती नव्हती. तरी २०१९ मध्ये पैशांपायी गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. एका शहराचा क्लब दुसऱ्या शहरात गेला आणि मैदानावर त्यासाठी एकही सामना झाला नाही.

यातून मला एवढंच दिसतं की राखीव जागा क्लबला जगवत नाही. त्याला जगवतात त्याची माणसं. मोहमेडन १८९१ चा आहे. किती मालक, किती कर्जं, किती वाईट हंगाम बघितले असतील. तो टिकला कारण कोलकात्यात तो कोणाचा तरी आहे. आणि क्लब ‘आपला’ तेव्हाच होतो, जेव्हा त्याच्यासोबत वर चढता येतं आणि खाली पडताही येतं. पडण्याची भीती नसलेल्या संघासाठी शेवटच्या सामन्याला कोण रडणार?

आणि नागपूर?

नागपूरला फुटबॉल शिकवायची गरज नाही. कामठीचा रब्बानी क्लब, यंग मुस्लिम, राहुल क्लब ही नावं जिल्हा लीगमध्ये वर्षानुवर्षं आहेत. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी ‘स्लम सॉकर’ इथेच उभं केलं. २०१६ मध्ये त्याला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला, आणि ‘झुंड’ सिनेमाही या कामावरूनच आला. आपल्या फुटबॉलवर सिनेमा निघाला, त्यात अमिताभ बच्चननं काम केलं, पण देशाच्या वरच्या दोन लीगमध्ये आपला क्लब नाही.

पोरांत दम नाही म्हणून? मग क्रिकेट बघा. एके काळी रणजीच्या प्लेट गटात खेळणारा विदर्भ २०१७-१८ मध्ये विजेता झाला, २०१८-१९ मध्ये पुन्हा, आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. तिथे जिंकलं की वरचा गट मिळतो, हे पोराला आणि त्याच्या बापालाही माहीत असतं. म्हणून बाप पहाटे उठून पोराला नेटवर सोडतो. शिडी दिसली की माणूस चढतो.

फुटबॉलमध्ये ती शिडी कागदावर आहे. जिल्हा लीग, राज्य, मग राष्ट्रीय पातळीवरच्या खालच्या लीग आणि शेवटी आयएसएल. सक्करदऱ्यातल्या एखाद्या मंडळाच्या कॅप्टनला विचारून बघा, जिल्हा जिंकला की पुढे काय? उत्तर मिळतं ते ट्रॉफी, मिरवणूक आणि फोटो. आपल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच अडकलंय.

म्हणून मागणी मोठी नाही. एक, वरच्या लीगमधून शेवटचा क्लब खाली जाईल हे तारीख टाकून जाहीर करा आणि पाळा. खाली जाणाऱ्याला सावरायला दोन वर्षं थोडा निधी द्या, इंग्लंडमध्ये देतात. दोन, राज्य संघटनेनं हंगामाच्या आधी छापून सांगावं की कोणत्या जिल्ह्याचा विजेता कुठे खेळेल आणि तिथून राष्ट्रीय पातळीवर कोण जाईल. परवान्याच्या अटीही मराठीत सांगा, म्हणजे लेखापरीक्षण आणि मुलांचे संघ यांची तयारी मंडळं आतापासूनच करतील. तीन, हे काम आपलंही आहे. माद्रिदसाठी रात्री दीडपर्यंत जागणाऱ्यांनी वर्षातून चार वेळा तरी जिल्हा लीगच्या सामन्याला जाऊन उभं राहावं. संध्याकाळी असतो, झोपही मोडत नाही.

यानं उद्या नागपूरचा क्लब आशियात जाईल, असं मी म्हणत नाही. कदाचित वीस वर्षं लागतील, कदाचित कधीच जाणार नाही. पण ‘जाता येतं’ आणि ‘जाताच येत नाही’ यांत फार फरक आहे. कैरात ०-५ हरला तेव्हा त्याच्या चाहत्यांना आपण तिथे का आहोत, हे पक्कं माहीत होतं. आपल्या पोरांनाही हरायचा तेवढाच हक्क द्या. जिंकायचं कसं, ते बघून घेतील.